मेंदूतून निघून गेलेली सर्पगंधा



हे भाषण ज्यांनी चित्रफितीवर पाहिलं, त्यांना सुरुवातीची गंमत आठवत असेल. वाचणाऱ्यांसाठी ती शब्दांत सांगतो. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा मी घेतला, खोलीत अंधार केला आणि टॉनिक वॉटरची बाटली दिव्यासमोर धरली. साध्या पाण्यासारखं दिसणारं ते पेय निळंशार चमकायला लागलं. ती चमक क्विनिनची. क्विनिन म्हणजे सिंकोनाच्या सालीतलं कडू द्रव्य, हिवतापावरचं जुनं औषध. दिव्यातले अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत. क्विनिनचा रेणू ते शोषतो आणि निळा उजेड बाहेर टाकतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली तिचा नीट अभ्यास केला, तोही क्विनिनच्याच द्रावणावर.

आता प्रश्न असा. औषध अंगात भिनलं, असं आपण सहज म्हणतो. पण भिनलं म्हणजे नेमकं कुठे? यकृतात किती, मेंदूत किती, आणि किती वेळ? झाडाच्या मुळीतलं किंवा सालीतलं एखादं द्रव्य जनावराच्या मांसात, चरबीत, मेंदूत किती पोचलं हे मोजायचं कसं? हे मोजण्याचा इतिहास दीडशेहून अधिक वर्षांचा आहे, आणि त्यातलं सगळ्यात चमत्कारिक वळण आपल्याकडच्या सर्पगंधेने घेतलं. तिथे पोचायला थोडी वाट चालावी लागेल.

पहिली अडचण काढण्याची. मांस, रक्त, चरबी यांच्या लगद्यातून चिमूटभर द्रव्य वेगळं करणं फार कठीण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विषशास्त्रातल्या मोठ्या लोकांनाही वाटायचं, की वनस्पतींची विषं प्रेतात सापडणं जवळजवळ अशक्य आहे. सोमल सापडतो, कारण तो धातूसारखा टिकतो. तंबाखूतलं निकोटिन कसं शोधणार? १८५० च्या नोव्हेंबरात बेल्जियममध्ये बोकार्मे नावाच्या सरदाराच्या वाड्यात त्याचा मेहुणा मेला. न्यायाधीशांनी प्रेतातले अवयव झां सेर्व्हे स्टास या रसायनशास्त्रज्ञाकडे पाठवले. स्टास यांची युक्ती ध्यानात ठेवा, कारण ती पुढे शंभर वर्षं कामाला आली. वनस्पतींमधली अशी बरीच औषधी आणि विषारी द्रव्यं अल्कलॉइड वर्गातली असतात. आम्ल घातलं की ती पाण्यात किंवा अल्कोहोलात उतरतात. मग क्षार घातला की पाणी सोडून ईथरमध्ये जातात. चरबी आणि प्रथिनं एका बाजूला राहतात, विष दुसरीकडे निघून येतं. निकोटिन सापडलं. १८५१ साली बोकार्मेचा शिरच्छेद झाला.

स्टास यांना विष आहे की नाही एवढंच सिद्ध करायचं होतं. ते शरीरात किती वेगाने आणि कुठे पसरतं हा निराळा प्रश्न, आणि तो विचारला लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातले डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांनी. त्यांनी आधी लिथियमवर हात बसवला. गिनीपिगला लिथियमचं लवण द्यायचं, काही वेळाने मारायचं, प्रत्येक अवयवाचा तुकडा ज्योतीत धरून लाल रेषा दिसते का ते वर्णपटदर्शकातून पाहायचं. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात, तरी लिथियम तिथेही पोचतं असं त्यांना दिसलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांना लिथियम देऊन त्यांनी काढलेली भिंगंही तपासली. आज हे करायचं म्हटलं तर नैतिकता समितीचे किती कागद भरावे लागतील!

मग त्यांनी हेच क्विनिनसाठी करायचं ठरवलं, ऑगस्ट दुप्रे या रसायनशास्त्रज्ञाच्या मदतीने. क्विनिन ज्योतीत रेषा देत नाही, पण ते चमकतं. गिनीपिगच्या अवयवांचा अर्क काढायचा, अतिनील उजेडात धरायचा आणि चमक पाहायची. सोपं वाटतं. पण ज्या गिनीपिगला क्विनिनचा कणही दिला नव्हता, त्याचे अवयवही निळसर चमकत होते! शरीरात मुळातच चमकणारं काहीतरी होतं. त्यांनी त्याला ‘प्राणिज क्विनॉइडिन’ असं नाव दिलं आणि कल्पनेचा एक घोडाही सोडला: हे द्रव्य शरीरात कमी पडलं की हिवताप येत असावा आणि क्विनिन ती उणीव भरून काढत असावं. कल्पना चुकीची होती. अनेक नैसर्गिक द्रव्यं अतिनील उजेडात थोडीफार चमकतात, हे आज कोणताही विद्यार्थी सांगेल. पण १८६६ च्या आसपास मिळालेला तो धडा पक्का होता. यंत्रात काटा हलला म्हणजे तुम्ही दिलेलं औषधच दिसतंय असं नाही. औषध न दिलेलं जनावर शेजारी ठेवून त्याची चमक आधी वजा करावी लागते.

यानंतरची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं मी वगळतो. प्रगती झाली, पण आपल्या गोष्टीला कलाटणी मिळाली ती युद्धात.

१९४२ साली जपानने जावा बेट घेतलं. जगातलं बहुतेक सगळं सिंकोना तिथल्या मळ्यांत पिकत होतं. दोस्त सैन्याला क्विनिन मिळेना, आणि लढाई तर हिवतापाच्या प्रदेशांत. हाताशी ॲटॅब्रिन होतं, कारखान्यात बनवलेलं पिवळं औषध. ब्रिटिश आणि हिंदी फौजांमध्ये त्याला मेपाक्रिन म्हणत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सैनिक ते रोज घेत. तक्रार अशी, की ते उशिरा लागू पडतं आणि डोस वाढवला तर बाधतं. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर मेमोरियल रुग्णालयात जेम्स शॅनन यांच्या गटाकडे हे कोडं आलं. बर्नार्ड ब्रोडी आणि त्यांचा तरुण सहकारी सिडनी उडेनफ्रेंड यांनी स्टास यांच्या वाटेने औषध ऊतींतून काढलं आणि चमकेवरून मोजलं. १९४३ मध्ये ती पद्धत छापून आली. उत्तर चकित करणारं होतं. ॲटॅब्रिन रक्तात राहतच नाही, यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतं, तिथलं प्रमाण रक्तापेक्षा कित्येक शे पटींनी जास्त. ऊती भरल्याशिवाय रक्तात पातळी चढत नाही. मग उपाय सुचला: पहिल्या दिवसांत मोठा डोस देऊन ऊतींची भूक भागवायची, मग रोज थोडं थोडं द्यायचं. नवं औषध न शोधता, जुनं कुठे जातं हे मोजून प्रश्न सुटला. युद्धानंतर शॅनन वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय हृदय संस्थेत गेले, मागोमाग ब्रोडी आणि उडेनफ्रेंडही. तिथे रॉबर्ट बोमन यांनी एक यंत्र बनवलं, स्पेक्ट्रोफोटोफ्लुओरोमीटर. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश टाकायचा आणि कोणत्या तरंगलांबीची चमक वाचायची, दोन्ही हवं तसं निवडता येत होतं. यंत्राची माहिती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. नेमकी त्याच सुमाराला प्रयोगशाळेच्या टेबलावर सर्पगंधा आली होती.

सर्पगंधा आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. पांढरी-लालसर फुलं, काळी फळं आणि अतिशय कडू मुळी. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं इंग्रजीत लिहिलं. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि त्यांचे बंधू रफत हुसेन यांनी मुळीतून शुद्ध स्फटिक वेगळे केले. एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलिन नाव दिलं. पण माणसाला शांत करणारा गुण त्या स्फटिकांत नव्हता. तो मागे उरणाऱ्या राळेसारख्या चिकट भागात होता. १९४९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, आणि पाश्चात्त्य जगाचे कान टवकारले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी त्या चिकट भागातून मूळ द्रव्य काढलं. त्याचं नाव रेसरपिन. वकील यांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या मुंबईतल्या डॉक्टरांचं हे काम आपल्याच लोकांना ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

रेसरपिनची रीत डॉक्टरांना बुचकळ्यात टाकणारी होती. गोळी इवलीशी, रक्तदाबासाठी दिवसाला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. परिणाम सावकाश येतो, काही दिवसांनी. गोळी थांबवली तरी परिणाम थांबत नाही, रेंगाळत राहतो. जास्त डोसावर असलेल्या काही रुग्णांना खोल उदासी आल्याचं डॉक्टर लिहू लागले होते. ही उदासी औषधाची की योगायोगाची, यावर पुढेही वाद चालले. पण तेव्हा ती भीती खरी होती. अशा रुग्णाला गोळी बंद केल्यावर काय सांगायचं? औषध अंगातून गेलंय की अजून मेंदूत बसलंय?

ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने ससे घेतले. पद्धत ऐका. सशाच्या शिरेत रेसरपिन द्यायचं, वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे माणसाच्या मानाने प्रचंड, कारण कमी दिलं तर यंत्राला दिसणारच नाही. ठरल्या वेळी ससा मारायचा, मेंदू काढून लगदा करायचा. लगद्यातून द्रावकात रेसरपिन ओढून घ्यायचं. रेसरपिन स्वतः फारसं चमकत नाही, म्हणून त्याचं ऑक्सिडीकरण करायचं. मग त्याचं एक पिवळट-हिरवं चमकणारं रूप होतं. ती चमक वाचायची आणि औषध न दिलेल्या सशाच्या मेंदूची चमक वजा करायची. बेन्स जोन्स यांचा धडा इथे उपयोगी पडतो.

एक गोष्ट आलेख पाहताना आपण विसरतो. एका सशाचा मेंदू दोनदा काढता येत नाही. अर्ध्या तासाचा बिंदू एका सशाचा, चार तासांचा दुसऱ्याचा, दुसऱ्या दिवसाचा तिसऱ्याचा. कागदावरची सलग रेघ म्हणजे एकामागून एक मारलेल्या वेगवेगळ्या सशांची रांग असते.

त्याच मेंदूंत आणखी एक द्रव्य मोजलं जात होतं, सेरोटोनिन. पेशींमधले निरोप पोचवणाऱ्या द्रव्यांपैकी हे एक. १९५५ मध्ये पाहुणे म्हणून आलेले आल्फ्रेड प्लेचर, पार्कहर्स्ट शोअर आणि ब्रोडी यांनी दाखवलं, की रेसरपिन दिल्यावर मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. मनावर परिणाम करणाऱ्या औषधाचा मेंदूतल्या रसायनाशी असा मोजलेला संबंध तेव्हा अगदी नवा होता.

आता दोन रेघा एकमेकींशेजारी ठेवू. पहिली रेघ रेसरपिनची: मेंदूत झटकन चढते, काही तासांत कोसळते, आणि मग काटा शून्यावर. दुसरी रेघ सेरोटोनिनची: खाली जाते आणि औषध दिसेनासं झाल्यावरही खालीच राहते, सावरायला दिवस लागतात. आणि ससा? तोही मलूल, पापण्या झुकलेला, निश्चल. १९५६ साली सिडनी हेस, शोअर आणि ब्रोडी यांनी हे प्रसिद्ध केलं. मेंदूतून औषध नाहीसं झाल्यावरही त्याची क्रिया टिकून राहते, असं शीर्षकातच म्हटलं होतं.

तोवरची सगळी औषधविद्या उलट गृहीतावर उभी होती: औषध जिथे, क्रिया तिथे, औषध गेलं की क्रिया गेली. ॲटॅब्रिनचं कोडं याच गृहीतावर सुटलं होतं. इथे चोर घरातून निघून गेला आणि तरी तिजोरी भरत नव्हती. अशा औषधांसाठी ‘मारा आणि पळा’ या अर्थाचं इंग्रजी नाव रूढ झालं. दवाखान्यावरही सावट पडलं. १९५६ च्या सुमारास भूलतज्ज्ञांना रेसरपिन घेणाऱ्या काही रुग्णांचा रक्तदाब शस्त्रक्रियेत धोकादायकरीत्या घसरलेला दिसला. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे गोळी बंद ठेवा, असा सल्ला दिला जाऊ लागला. गोळी बंद असली तरी परिणाम आत आहे, म्हणून हे दोन आठवडे. पुढे अनुभवाने हा नियम सैल झाला, कारण औषध एकदम तोडण्याचेही धोके होते.

ब्रोडी यांच्याकडे १९५५ मध्ये काही महिने अर्विद कार्लसन नावाचे स्वीडिश संशोधक शिकायला होते. ते हीच मोजण्याची विद्या घेऊन लुंड गावी परतले. १९५७ मध्ये त्यांनी रेसरपिनने निश्चल झालेल्या जनावरांना डोपा हे द्रव्य टोचलं आणि ती उठून हिंडूफिरू लागली. मेंदूत काय भरलं गेलं हे त्यांनी तसल्याच यंत्रावर मोजलं. भरलं गेलं होतं डोपामाइन. पार्किन्सनच्या रुग्णांना आजही दिली जाणारी गोळी याच वाटेवरून आली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. ही गोष्ट स्वतंत्र भाषणाची आहे. इथे एवढंच, की तिचाही पाया ऊतींतलं द्रव्य मोजण्यावरच होता.

परत आपल्या शून्याकडे येऊ. फ्लुओरोमीटरचा काटा शून्यावर आला, म्हणजे मेंदूत रेसरपिन नव्हतं का? बेन्स जोन्स यांना नसलेलं दिसलं होतं. इथे उलटी शक्यता होती, असलेलं न दिसण्याची. मेंदूची स्वतःची चमक वजा करावी लागते. त्या चमकेपेक्षा कमी असलेलं औषध त्या यंत्राला कळणारच नव्हतं.

मग आलं ट्रिटियम. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. रेसरपिनच्या रेणूत काही साध्या हायड्रोजनच्या जागी तो बसवला, की रेणू वागतो तसाच, पण मधूनमधून एक सूक्ष्म कण फेकतो. ऊतीचा अर्क एका विशिष्ट द्रवात मिसळला की प्रत्येक कणामागे उजेडाची एक ठिणगी पडते आणि यंत्र त्या मोजतं. म्हणजे पुन्हा उजेडच मोजायचा, पण हा उजेड शरीराच्या स्वतःच्या चमकेत हरवत नाही. यातही खाचखळगे आहेत. शरीरात रेसरपिनचे दोन तुकडे होतात. ठिणगी पडली तर ती सबंध रेणूची की नुसत्या तुकड्याची, हे ठिणगी सांगत नाही. म्हणून मोजण्याआधी अर्कातली द्रव्यं वेगळी करावी लागतात, आणि चिकाटीचं खरं काम तिथेच असतं.

१९६९ साली अल्पर्स आणि शोअर यांनी असं मोजलेलं काम छापलं. बहुतेक रेसरपिन खरोखरच झपाट्याने जातं. ते चरबीत विरघळणारं आहे, ऊतींत सैल शिरतं आणि सैल निघतं. पण अगदी थोडा अंश मागे उरतो, घट्ट चिकटून, पुष्कळ दिवस. साठा रिकामा राहण्याशी जुळणारा अंश तोच होता. मेंदूतून निघून गेलेली सर्पगंधा पूर्ण गेलीच नव्हती. मोठ्या डोसमुळे सुरुवातीला जे भरमसाट दिसलं ते निरुपयोगी गर्दी होती, आणि काम करणारा भाग यंत्राच्या नजरेखाली दडला होता.

त्याचं कारण पुढे उलगडलं. सेरोटोनिन, डोपामाइन अशी द्रव्यं पेशीत सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात आणि ती आत ओढणारा प्रथिनाचा एक पंप असतो. रेसरपिन या पंपात अडकतं. कुलपात किल्ली मोडून राहावी तसं. घरभर पडलेल्या बाकीच्या किल्ल्या कुणी उचलून नेल्या तरी कुलूप उघडत नाही. साठवता न आलेलं द्रव्य पेशीतली विकरं मोडून टाकतात. नव्या पिशव्या पेशीच्या मुख्य भागात तयार होऊन लांबलचक धाग्यातून टोकाला पोचेपर्यंत दिवस जातात. ससा सावरायला लागणारे दिवस ते हेच. अलीकडे, २०२३-२४ च्या सुमारास, त्या पंपात अडकलेल्या रेसरपिनची अणूंच्या पातळीवरची चित्रंही शास्त्रज्ञांनी मिळवली. चित्रफितीच्या शेवटी मी त्यातलं एक दाखवलं होतं.

ते चित्र पाहताना माझं लक्ष मात्र नावांकडे गेलं. १९५६ च्या शोधनिबंधावर, औषध नाहीसं झालं असं सांगणाऱ्या, पार्कहर्स्ट शोअर यांचं नाव आहे. १९६९ च्या, ते उरलं आहे असं सांगणाऱ्या निबंधावरही त्यांचंच नाव आहे. मधल्या तेरा वर्षांत त्यांनी तो शून्य सोडला नव्हता.